वाचकांचे प्रश्न: ‘द साउंड’ खरंच एवढा भारी बँड होता का?

प्रश्न: जॉय डिव्हिजन आणि एको अँड द बनीमेन हे ब्रिटिश रॉक बँड मी भरपूर ऐकलेत. आता जो तो ‘द साउंड’ ऐक म्हणून मागे लागलाय. एवढे चांगले होते तर तेव्हा चालले का नाहीत? की जुनं आहे म्हणून उगाच डोक्यावर घेतायत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: उगाच नाही हो, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो. साउथ लंडनचा बँड, 1979 मध्ये जमलेला. गायक-गिटारिस्ट एड्रियन बोरलँड त्याआधी ‘द आउटसायडर्स’ मध्ये होता आणि त्यांनी 1977 मध्येच स्वतःच्या खर्चाने अख्खा अल्बम काढला होता, तेव्हा हा पोरगा विशीचाही नव्हता. म्हणजे कुणाची तरी कॉपी करायला उगवलेले हे लोक नव्हेत.

पहिला अल्बम ‘जेपर्डी’, 1980. त्यातलं पहिलंच गाणं ‘आय कान्ट एस्केप मायसेल्फ’ ऐका, सुरुवातीला नुसता बेस आणि ड्रम्स, आवाज दबलेला, मधे एवढी मोकळी जागा की श्वास अडकतो, आणि मग गिटार एकदम अंगावर येते. अतिशय कमी पैशात केलेला अल्बम आहे आणि ते कळतं, पण त्या कोरडेपणामुळेच तो आजही शिळा वाटत नाही. पुढच्याच वर्षी ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ आला, निर्माता ह्यू जोन्स, आणि माझ्या मते त्या काळातल्या सगळ्यात चांगल्या चार-पाच ब्रिटिश अल्बममध्ये तो बसतो.

मग चालले का नाहीत? तिथल्या संगीत साप्ताहिकांनी कौतुक केलं होतं, विक्री झाली नाही. कोरोव्हा हे त्यांचं लेबल डब्ल्यूईए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचं, आणि बनीमेनही त्याच लेबलवर. बनीमेनकडे देखणेपणा होता, केस होते, ऐट होती, आणि इकडे बोरलँड साधा, अंगाने भरलेला माणूस, पोस्टरवर शोभेल असा नव्हे. खरं सांगायचं तर या गोष्टीचा मला अजून राग येतो. लेबलला आणखी खपणारं काहीतरी हवं होतं, बँडने 1982 मध्ये ‘ऑल फॉल डाउन’ हा मुद्दाम अवघड अल्बम दिला आणि तिथे संबंध तुटला. नेदरलँड्समध्ये मात्र लोकांनी त्यांना मनापासून आपलं मानलं, पण इंग्लंडमध्ये जमलं नाही ते नाहीच. 1988 मध्ये बँड संपला.

प्रश्न: बोरलँडने आत्महत्या केली हे कळल्यापासून ही गाणी ऐकवत नाहीत, फार उदास व्हायला होतं. काय करू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: तो बरीच वर्षं मानसिक आजाराशी झगडत होता, 1999 मध्ये गेला. वाईट वाटणारच. पण शेवट माहीत आहे म्हणून सगळी गाणी त्या शेवटाकडे जाणारी समजून ऐकू नका, ती तशी नाहीतच. ‘विनिंग’ घ्या, बुडत चाललेला माणूस ठरवून वर येतो त्याचं गाणं आहे ते, आणि मागे मॅक्स मेयर्सचा कीबोर्ड हळूहळू असा काही भरत जातो की गाणं संपेपर्यंत आपणच ताठ होऊन बसतो. ‘सेन्स ऑफ पर्पज’ मध्ये तर सरळ जाब विचारलाय, आपण कशासाठी जगतोय म्हणून. ‘मिसाइल्स’ मधला अण्वस्त्रांवरचा संताप बघा, ज्याला जगाची पर्वाच नाही तो असा ओरडत नाही. जॉय डिव्हिजनमध्ये दार बंद होत गेल्यासारखं वाटतं, इथे शेवटपर्यंत कुणीतरी ते ढकलत असतं. हाच फरक आहे, आणि म्हणूनच ‘त्यांच्यासारखाच आणखी एक बँड’ म्हणून यांना ऐकलं तर निम्मं हातातून निसटतं.

आणि तरीही एखाद्या दिवशी ऐकवत नसेल तर नका ऐकू, गाणी कुठे पळून जात नाहीत. उदासपणा गाण्यापुरता न राहता दिवसभर राहत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला, त्यात संकोच नको.

प्रश्न: सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पणजी

उत्तर: ‘फ्रॉम द लायन्स माउथ’, सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या ‘न्यू डार्क एज’ पर्यंत. मग ‘जेपर्डी’. त्यानंतर 1984 चा छोटा ‘शॉक ऑफ डेलाइट’, त्यात ‘गोल्डन सोल्जर्स’ आहे. ‘ऑल फॉल डाउन’ जरा थांबून घ्या, तो दोन-तीनदा ऐकल्यावर उघडतो. आणि 1987 चा ‘थंडर अप’ हा शेवटचा म्हणून सोडून देऊ नका, त्याच्याबद्दल तर यांचे चाहतेही कमीच बोलतात.