मूळ तुटलं, झोप उडाली

प्रश्न : मुलगी इंदूरमध्येच बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. महिन्यापूर्वी दाढ काढताना तिच्या हातून मूळ आत तुटलं. सरांनी ते काढलं, पेशंटही ठीक आहे. पण ही रात्री दोन-दोनला उठून बसते, 'मला नाही जमणार' म्हणते. सगळं सोडून एमबीए करू द्यावं का? – एक आई, लोकमान्य नगर

ताई, एमबीएचं नंतर बघू. आधी त्या मुळाचं.

दाढ काढताना मूळ तुटणं दंतवैद्यांना नवीन नाही. मुळं वाकडी असतात, कीड लागून दाढ ठिसूळ झालेली असते. मुरलेल्या हातांतही तुटतं. हे तिला पुस्तकातून पाठ असेल. 'अगं, माझंही तुटलं होतं' असं मात्र तिला अजून कुणी म्हटलेलं दिसत नाही.

हा पेशा बाहेरून वाटतो त्यापेक्षा फार एकटा. पेशंट शुद्धीवर, घाबरलेला. त्याच्यासमोर 'अरे देवा' म्हणायचीही सोय नाही. मान वाकवून, आरशात उलटं बघत काम. त्यात कॉलेजचा कोटा : इतक्या दाढा, इतक्या कवळ्या. एका पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या. माप, पुन्हा माप, जबड्याचा मेळ, मेणातली ट्रायल, मग बसवणं. चौथ्या फेरीला आजोबा आलेच नाहीत, की मुसळ केरात. पोरं खिशातून रिक्षाभाडं देऊन पेशंट आणतात. आणि पुढे स्वतःचा दवाखाना काढला की शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीणही नसते.

म्हणून सवय आत्ताच लागू दे. विश्वासातल्या दोन-तीन मैत्रिणी, एखादी सीनियर, पंधरवड्यातून एकदा. काय बिघडलं ते मोकळेपणी सांगायचं. पेशंटचं नाव घ्यायचं नाही आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

पण महिनाभर झोप नाही, हे मैत्रिणींच्या आवाक्यातलं नाही. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, मोफत आणि चोवीस तास. जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर एकटी सोडू नका, तडक इस्पितळ गाठा. आणि फी किती भरली, हा विषय घरात काही दिवस बंद. (बाबांनाही सांगा.)

एमबीए बीडीएसनंतरही करता येतं. हॉस्पिटल व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य हेही रस्ते आहेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर एक परीक्षा पुढे जाऊ दे, पण आत्ता कॉलेजातून नाव काढू नका.

तिच्या सरांना परस्पर भेटायला जाऊ नका, तिला ते लाजिरवाणं होईल. त्यापेक्षा तिच्या बॅचमधल्या दोघी-तिघींना रविवारी सकाळी पोह्यांना बोलवा. शेव-जिरावण समोर ठेवा आणि तुम्ही आत जा.