बर्फ वितळण्याआधीच ओढ्यावर जा

तू एप्रिलपासून ओढ्याच्या पाण्याचे नमुने घेणार म्हणतोस, पण तोवर खरी गंमत संपलेली असेल. बर्फाचे कण थरात पुन्हा पुन्हा गोठतात, तेव्हा क्षार आणि आम्ल कणांच्या पृष्ठभागावर ढकलले जातात. म्हणून वितळणीचं पहिलं पाणीच सगळं धुऊन आणतं: पहिल्या साधारण 30 टक्के पाण्यात निम्म्याहून जास्त विद्राव्य पदार्थ निघून जाऊ शकतात. आठवड्याला एक बाटली भरलीस तर हा लोंढा हातून निसटेल. पाणी चढू लागलं की रोज जा, जमलं तर दिवसातून दोनदा, कारण दुपारच्या उन्हाचा परिणाम ओढ्यात काही तासांनी दिसतो.

नायट्रेट (नायट्रोजनचा पाण्यात विरघळणारा क्षार) वाढलं की लगेच ‘बर्फातून आलं’ असं लिहू नकोस. ही चूक मीही केली आहे. बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन फारशी गोठत नाही, सूक्ष्मजीव हिवाळाभर काम करतात आणि झाडं मात्र नायट्रेट उचलत नाहीत. त्यामुळे बराचसा साठा मातीतलाच असतो. वरच्या थरातून सेंद्रिय कार्बनही येतो, पाणी चहासारखं दिसतं. कॅल्शियम आणि सिलिका उलट वितळलेल्या पाण्यामुळे विरळ होतात, कारण ती खोल भूजलातून येतात. सामू (pH) उतरला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं, तर अॅल्युमिनियमही तपास. माशांच्या कल्ल्यांना तेच बाधतं.

बाटली काठोकाठ भर, सामू शक्यतो तिथेच मोज. आणि विसर्गाची, म्हणजे ओढ्यातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं याची, नोंद नसेल तर नुसत्या संहतीवरून (लिटरमागे किती पदार्थ आहे यावरून) काही ठरवू नकोस.