सत्काराचा फोटो

सोलापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. मित्रा,

आपल्या फोटोग्राफीच्या सरांचा सत्कार करायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. हॉल, हार, श्रीफळ, सन्मानपत्र, सगळं होऊ दे. शालीऐवजी चादर द्या, आपल्या गावात तरी बाहेरची शाल कशाला?

पण तुझ्या यादीत फोटो कोण काढणार ते कुठंच नाही. म्हणजे काय होणार ते मी आत्ताच सांगतो. कुणीतरी स्टेजसमोर उभा राहून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारणार. कपाळं चमकणार, मागच्या भिंतीवर काळ्या सावल्या पडणार. ‘फ्लॅश तोंडावर मारू नका रे’ हे सांगण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याचाच असा फोटो! सर काही बोलणार नाहीत. नुसते हसतील, आणि ते जास्त लागतं.

तू शेवटच्या बॅचचा. तुम्हाला प्रकाश मऊ करणारे सॉफ्टबॉक्स मिळाले, वायरशिवाय फ्लॅश पेटवणारे ट्रिगर मिळाले. आम्हाला एक फ्लॅश, एक लांब वायर आणि सर.

पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी आम्हाला नेलं होतं. वर पत्रा, तोही काळवंडलेला, त्यामुळं छतावरून प्रकाश उसळवायची सोय नाही. काम एकच : आडवं सूत घेऊन धावणारा धोटा फोटोत थांबवायचा. मी फुशारकीनं फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला. धोट्याला शेपूट आलं. पुन्हा मारला, पुन्हा शेपूट. सर कानाशी येऊन ओरडले (मागांच्या खडखडाटात ओरडावंच लागतं), “ताकद उतरव!” मला वाटलं, चेष्टा करतायत. पण फ्लॅशची ताकद उतरवली की तो पेटतोच कमी वेळ, आणि धोट्याला थांबवतो तो हा कमी वेळ. १/३२ वर आणला, तर फोटो काळा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आता गेलेले पाच स्टॉप कुठून आणायचे? सरांनी माझ्या हातातला फ्लॅश चार फुटांवरून दोन फुटांवर ओढला. अंतर निम्मं, प्रकाश चौपट, म्हणजे दोन स्टॉप आले. उरलेले तीन लेन्सचं तोंड एफ ८ वरून २.८ पर्यंत उघडून मिळाले. पुढच्या फोटोत धोट्याचं टोकसुद्धा स्वच्छ. वर्गात फळ्यावर हेच गणित दोनदा झालं होतं, डोक्यात शिरलं ते त्या शेडमध्ये.

मग विणकर मामांचा फोटो. अर्धा चेहरा उजळ, अर्धा अंधारात. सरांनी गठ्ठ्यातला एक पांढरा टॉवेल उचलला आणि अंधाऱ्या बाजूला दोन्ही हातांनी ताणून धरला. गालावर प्रकाश आला. टॉवेलला तेलाचा डाग पडला म्हणून मालक करवादले, सरांनी पैसे देऊन तो घरी नेला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी करू दिली नाही. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतला माणूस नंदीध्वजाची उंच काठी पेलत येतोय, त्याच्यासमोर फ्लॅश काढायचा नाही. “त्याचे डोळे दिपले तर?” एवढंच म्हणायचे. त्यापायी माझे कितीतरी फोटो हलले. हलू देत.

तेव्हा माझं ऐक. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास सरांना बाजूच्या खोलीत बसव आणि त्यांचा एक फोटो नीट काढ. सरांचा स्वतःचा धड फोटो कुणाकडंच नाही, माझ्याकडंही नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरव. भिंत पांढरी असेल तरच तिच्यावरून उसळव. मी एकदा पोपटी भिंतीच्या कार्यालयात हे विसरलो आणि नवरी हिरवी निघाली. चष्म्यात चकाकी येईल, ते चष्मा काढतो म्हणतील. काढू देऊ नकोस, त्याशिवाय ते सर दिसत नाहीत. लाईट उंच आणि बाजूला ने, हनुवटी जराशी खाली घ्यायला सांग.

दुसऱ्या बाजूला धरायला टॉवेल लागेल. तो मी आणतो.

तुझा,
दादा