निसेकोत पहिल्यांदा बॅककंट्री : गेट उघडं दिसलं म्हणून बाहेर पडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स झालाय, सह्याद्रीत वर्षानुवर्षं पायपीट आहे, जानेवारीत मित्राबरोबर जपानच्या होक्काइदो बेटावरच्या निसेकोला जाताय, तर गाइड न घेता दोघंच स्की मैदानाच्या हद्दीवरच्या गेटमधून बाहेर पडून बॅककंट्री, म्हणजे हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात स्कीइंग, करता येईल का? बॅककंट्री जरूर करा. पण दोघंच नको, आणि पहिल्याच दिवशी लिफ्टने वर जाऊन गेटमधून तर नकोच. का ते सांगते. मी होक्काइदोतच राहते आणि दर हिवाळ्यात डोंगरात असते.

आधी उंचीबद्दल. निसेको आन्नुपुरीचा माथा १३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही (१६४६) कमी. गुलमर्ग गावच २६०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हा डोंगर किरकोळ वाटतो. विरळ हवेचा त्रास इथे होत नाही, हे बरोबर. पण सैबेरियाहून निघालेला कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना त्या मानाने उबदार पाण्याची वाफ उचलतो आणि पहिला डोंगर लागला की सगळं ओझं तिथे टाकतो. त्यामुळे जानेवारीत इथे बर्फ दिवसेंदिवस पडतच राहतं, ऊन क्वचित दिसतं. ज्या पावडरसाठी, म्हणजे हलक्या भुसभुशीत बर्फासाठी, जग इथे येतं ती याच वाऱ्याची देणगी, आणि हिमस्खलनही त्याच्याचमुळे. माथ्यावरचं बर्फ वारा उचलतो आणि आडोशाच्या उतारावर नेऊन थापतो. वरून ते गादीसारखं दिसतं, आतला थर मात्र खालच्याला धड चिकटलेला नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यात सर्वांत वाईट, आणि स्कीला मजाही नेमकी तिथेच येते.

आता गेट. निसेकोचे स्थानिक नियम आहेत : हद्दीबाहेर जायचं तर गेटमधूनच, दोरीखालून घुसायचं नाही, गेट बंद असेल तर परत फिरायचं, आणि युनोसावासारख्या काही भागांत कधीच जायचं नाही. गस्तीची मंडळी रोज पहाटे वारा-बर्फ पाहून गेट उघडायचं की नाही ते ठरवतात. पण गेट उघडं म्हणजे पलीकडचा उतार सुरक्षित, असं नव्हे. तिथे कोणी बर्फ दाबलेलं नसतं, स्फोट करून सैल थर पाडलेला नसतो. निर्णय तुमचा, जबाबदारी तुमची, आणि शोधमोहीम लागली तर तिचा खर्चही तुमच्याच माथी येऊ शकतो. मला हा सगळा प्रकार नवख्यांसाठी घातक वाटतो तो याचसाठी : लिफ्ट वर नेऊन सोडते, पुढे पाचपन्नास लोकांचे माग दिसतात, आणि विचार करायला वेळच मिळत नाही. पायी चढलात तर तासभर त्याच बर्फावरून चालता. पायाखाली तडा जातोय का, आतला थर बसल्याचा 'वुम्फ' असा आवाज येतोय का, वारा कुठून येतोय, हे सगळं चढतानाच कळतं.

म्हणून पहिला दिवस गाइडबरोबर, झाडीतल्या सौम्य उतारावर काढा. पंचवीस अंशांच्या आसपासचा, वर मोठा उघडा उतार नसलेला, भूर्जाच्या विरळ रानातला. पावडर तिथेही कंबरेएवढीच असते, कंटाळा येणार नाही. गाइडचे पैसे पडतात, हे खरं. तिकिटावर इतका खर्च करून इथे काटकसर करू नका.

तुम्हाला धाप लागणार नाही, सह्याद्रीने पाय तयार केलेत. नवी असेल ती स्किनवर, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागे न घसरणाऱ्या पट्ट्यांवर, चालण्याची पद्धत. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. किक टर्न, म्हणजे चढावर एकेक स्की उचलून दिशा बदलणं, मात्र सपाटीवर घोटवून या, नाहीतर प्रत्येक वळणावर सगळा गट तुमच्यासाठी थांबेल. आणि कपडे! आपल्याकडचे लोक थंडीच्या धास्तीने सगळं अंगावर चढवून निघतात, अर्ध्या तासात आतून भिजतात आणि माथ्यावर वाऱ्यात कुडकुडतात. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाड जाकीट पाठपिशवीत ठेवा, थांबलात की लगेच चढवा. नळीवाली पाण्याची पिशवी आणू नका, नळी गोठते. थर्मास आणा. खायला राजगिऱ्याची चिक्की उत्तम, गारठ्यातही दाताने तुटते. शाकाहारी असाल तर डबा बरोबर असलेलाच बरा, कारण इथल्या सुपांत माशाचा अर्क असतोच.

उतरताना दोन गोष्टी गुलमर्गच्या कोर्समध्ये फारशा शिकवत नसावेत. एक, सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवतीची पोकळी. खालच्या फांद्या बर्फ अडवतात आणि बुंध्याशी खड्डा राहतो. त्यात डोकं खाली करून पडलात तर एकट्याने बाहेर येणं जवळपास अशक्य. जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, हाक पोचेल इतक्या अंतरावरच राहायचं. दुसरी, घळी. बर्फाखाली ओढा वाहत असतो, भोकं दिसत नाहीत, आणि वरून छोटंसं स्खलन आलं तरी सगळं तिथेच साचतं. सह्याद्रीत वाट चुकली की ओढ्याने खाली उतरावं, असं वाटतं. इथे ते अजिबात करू नका.

बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हे त्रिकूट प्रत्येकाकडे हवंच, भाड्याने सहज मिळतं. पण गाडलेला माणूस वाचायचा तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बाहेर निघावा लागतो, म्हणजे शोधणार तुमचा मित्र, बचावपथक नव्हे. त्याला बीकनचा सराव नसेल तर तुमचं बीकन शोभेचं. पोचल्याच्या दिवशी हॉटेलमागच्या बर्फात एक बीकन पुरून सराव करा. फोन बीकनला चिकटवून ठेवू नका, संदेशात व्यत्यय येतो.

जपानच्या मुख्य बेटावरच्या, नागानो प्रांतातल्या हाकुबाचं तुम्ही शेवटी विचारलंय. तिथले डोंगर मोठे, उतार उभे. २९ जानेवारी २०२३ ला शेजारच्या ओतारी गावाच्या हद्दीत हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले. आणि मोठा डोंगर लागतोच असंही नाही : मार्च २०१७ मध्ये तोचिगी प्रांतातल्या नासूला, स्की मैदानालगतच्या उतारावर, गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणात सात शाळकरी मुलं आणि एक शिक्षक दगावले. त्यांच्याकडे बीकन नव्हते. हाकुबा दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

महिना बदलता येत असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य पाहा. डिसेंबरअखेरीस इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, मार्चमध्ये दिवस बराच मोठा असतो आणि मधूनमधून आभाळ उघडतं. पावडर थोडी कमी, पण समोरचा योतेई डोंगर दिसेल तरी.

कागदपत्रांचं पटकन. निघण्यापूर्वी डोंगरात जाण्याची नोंद पोलिसांकडे करायची, ती ऑनलाइन होते. गाइड असेल तर तो सांगेल. विमा काढताना 'ऑफ-पिस्ट' (आखलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग) आणि शोध-बचाव हे शब्द पॉलिसीत आहेत का ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका. भारतातून वॉकीटॉकी आणू नका, जपानच्या रेडिओ कायद्यात ते बहुतेक बसत नाहीत. बूट शक्य तर स्वतःचे आणा, बाकी सगळं इथे भाड्याने घ्या. गाइड मात्र ऑक्टोबरमध्येच ठरवा, जानेवारीचे दिवस लवकर भरतात. बुक करताना 'आम्ही पहिल्यांदाच स्किनवर चालणार' हे स्पष्ट लिहा, म्हणजे तो तुम्हाला योग्य गटात घालेल.