सागाच्या पेंडंटवरचं रेझिन चिकट राहतं, कुठल्या कंपनीचं घेऊ?

तुम्ही विचारलंय की संखेड्याहून (लाखकामाच्या लाकडी फर्निचरचं गाव) आणलेल्या सागाच्या तुकड्यांवर इपॉक्सी रेझिन ओतलं की लाकडालगत बुडबुडे येतात, बडोद्याच्या पावसाळ्यात वरून चिकट राहतं, तर कंपनी बदलू का?

कंपनी बदलून काहीही होणार नाही. आणि कुणी ‘पावसाळ्यात हार्डनर जरा जास्त घाला’ म्हणालं असेल, तर ते आधी डोक्यातून काढा. दुकानादुकानांत मिळणारा हा सल्ला साफ चुकीचा आहे. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करायला त्यात मिसळायचा दुसरा द्रव, रेझिनशी ठरलेल्या प्रमाणातच जोडला जातो; जास्तीचा तसाच आत उरतो आणि माल मऊ ठेवतो.

दुसरा घोळ काट्यावर होतो. डब्यावरचं 2:1 (दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर) मापाचं, म्हणजे आकारमानाचं असेल आणि तुम्ही 20 ग्रॅम रेझिनला 10 ग्रॅम हार्डनर तोललंत, तर हार्डनर जास्तच पडला. तो रेझिनपेक्षा हलका असतो, वजनाने साधारण साडेआठ ग्रॅमच लागतो. माहितीपत्रकात वजनाचं प्रमाण वेगळं दिलं असेल तर तेच पाळा. चार मिनिटं हळू ढवळा, तळ आणि कडा खरवडा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा.

तीन दिवसांनी नख दाबून बघा. नख रुतलं तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलंय, तो तुकडा गेला. नख रुतत नाही पण वर तेलकट थर आहे, तर ते दमट हवेचं काम. कोमट पाण्याने घासून धुवा, वाळवा, मगच पॉलिश पेपर लावा. न धुता घासलंत तर तो थर सगळीकडे पसरेल.

बुडबुड्यांचा खरा गुन्हेगार लाकूड. संखेड्याच्या तुकड्यांवर लाखेचा थर असेल तर पूर्ण खरवडा, नाहीतर रेझिन लाखेला चिकटेल, लाकडाला नाही. साग मूळचाच तेलकट. ॲसिटोनने पुसा आणि सुकल्यावर तासाभरात काम उरका. त्याआधी तुकडे ओटीजीत 100 अंशांवर ठेवून अधूनमधून तोला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. मग कोमट असतानाच ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या. थंड होताना आतली हवा आकसते आणि रेझिन छिद्रांत ओढून घेते. तापत्या लाकडावर उलटं घडतं, हवा फुगून बाहेर येते आणि लाकडालगत बुडबुड्यांची माळ लागते. म्हणून गच्चीवर उन्हात ओतकाम नको. पहिला हात चिकट पण बोटाला न लागणारा झाला की मुख्य ओतकाम करा.

ॲसिटोन ओटीजीजवळ उघडू नका, आणि तो ओटीजी पुन्हा स्वयंपाकाला नको. नायट्राइलचे हातमोजे हवेतच, घासताना मास्कही.

कंपनीचंच म्हणाल तर डब्यावर कास्टिंग (जाड ओतायचं) लिहिलेलं घ्या. कोटिंगचं (पातळ थराचं) रेझिन जाड ओतलं की तापतं, पिवळं पडतं, कधी तडकतं.