शंका-समाधान : पाकिटातले जिवाणू रानात रुजावेत कसे?

सोयाबीनच्या बियाण्याला दरवर्षी रायझोबियम लावतो, तरी पीक ऑगस्टात पिवळं पडतं. पाकीट खोटं की आमचं काही चुकतं?
— एक शेतकरी, ता. वाळवा

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून झाडाला हवेतला नत्र देणारे जिवाणू. तेव्हा आधी मुळांवरच्या गाठी बघा. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी, रानात ओल असताना, चार-पाच झाडं खुरप्यानं ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीत बुडवून माती सुटू द्या आणि गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतला नत्र बांधते आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी गाठ असून नसल्यासारखीच. गाठी लाल आहेत, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या रानात ती नेहमीची, आणि तिच्यावर रायझोबियम हे औषध नव्हे.

गाठीच नसतील तर बीजप्रक्रिया तपासा. सोयाबीनला त्याचाच जिवाणू लागतो, ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. भुईमुगाचं किंवा हरभऱ्याचं पाकीट इथं कामाचं नाही. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे एकरी ३० किलो बियाण्याला तीन पाकिटं. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. पाण्यात ऊब राहिली तरी जिवाणू मरतात. त्यात पाकीट कालवून बियाण्यावर लेप बसेल एवढंच शिंपडा आणि गोणपाटावर हलक्या हातानं चोळा. सोयाबीनची साल पातळ असते. बी भिजलं किंवा जोरात रगडलं तर साल सुटते आणि उगवण घटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पाकीट कुठं ठेवलं होतं, हेही आठवा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या १ ग्रॅममध्ये ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या पाकिटात त्यातल्या किती उरणार? मुदतीची तारीख बघून, सावलीत ठेवलेलाच माल घ्या.

दोन गोष्टी मात्र पाकिटाच्या हातात नाहीत. पाणी साचलेल्या रानात गाठी गुदमरतात, कारण त्यांनाही श्वास लागतो. आणि उभ्या पिकात युरिया टाकला की गाठी कमी धरतात. गाठी पोसायला झाडाला आपली साखर द्यावी लागते. नत्र आयता मिळाल्यावर ते ती कशाला देईल?

उसाच्या बेण्याला औषध आणि अ‍ॅसेटोबॅक्टर एकाच पिंपात चालेल का? मजुरी दोनदा परवडत नाही.
— एक वाचक, ता. कराड

चालणार नाही. अ‍ॅसेटोबॅक्टर हा उसाला हवेतला नत्र देणारा जिवाणू आहे; औषधाच्या पाण्यात तो मरतो आणि पैसे दोन्हीकडून जातात. दोन पिंपं शेजारी मांडा. पहिल्यात बुरशीनाशक-कीटकनाशकाचं द्रावण, १० ते १५ मिनिटं. मग टिपऱ्या सावलीत सुकू द्या. दुसऱ्यात १०० लिटर पाण्याला १० किलो अ‍ॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ३० मिनिटं. हे प्रमाण हेक्टरचं. एक खेप सुकेपर्यंत पुढची औषधात घातली की मजूर तेच पुरतात.

अ‍ॅसेटोबॅक्टर मुळांवर गाठी करत नाही, उसाच्या पेशीजालात शिरून राहतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी १९८८ साली तो उसातूनच वेगळा केला. म्हणून तो लावायची खरी वेळ बेणेप्रक्रियेचीच. भरमसाट युरियात तो नीट वाढत नाही. तेव्हा नत्राचा हात आखडाच. पहिल्या वर्षी चार सऱ्यांना पाव हिस्सा नत्र कमी देऊन बघा, सगळ्या रानावर एकदम प्रयोग नको.

माणच्या कोरडवाहू ज्वारीत जिवाणूंमुळे पिकाला ताण सोसतो, हे खरं का?
— एक वाचक, ता. माण

खरं आहे, पण मर्यादेत. जिवाणू पाणी तयार करत नाहीत. ओल असते तोवर मूळ लांब जाऊ देतात, एवढंच. पण हलक्या रानात तेवढ्यानंही आठवडाभराचा फरक पडू शकतो.

पाणी कमी पडलं की झाड इथिलीन नावाचा वायू जास्त बनवतं आणि त्यानं मुळांची वाढ थांबते. इथिलीनचा कच्चा माल मुळातून थोडा बाहेर झिरपतो. काही जिवाणू तो खाऊन टाकतात, मुळात इथिलीन कमी बनतं आणि मूळ चालत राहतं. अ‍ॅझोस्पिरिलम हा जिवाणू वाढीचं संप्रेरक सोडतो, त्यानं केसमुळं वाढतात. कित्येक जिवाणू भोवती चिकट द्रव्य सोडतात. ते ओल धरतं आणि मातीचे कण मुळाला बांधून ठेवतं. काम झालंय का हे असंच ओळखा: झाड अलगद काढून झटकल्यावरही मुळावर मातीचा मोजा राहायला हवा.

एकरी ४ किलो बियाण्याला १०० ग्रॅम अ‍ॅझोस्पिरिलम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टर हा दुसरा जिवाणू पुरे. कोरड्यात पेरू नका. बी ओलीत पडलं नाही तर लेपावरचे जिवाणू सुकून मरतात. शेणखत अजिबात नसेल तर फार आशा धरू नका, कारण त्यांना खायला मातीत काही लागतंच.

द्राक्षबागेत ठिबकमधून जिवाणू सोडताना काय सांभाळावं?
— एक बागायतदार, ता. तासगाव

भुकटी ड्रिपरमध्ये अडकते, द्रवरूपच घ्या. अ‍ॅसिड किंवा क्लोरिननं नळ्या धुतल्या असतील तर आधी साधं पाणी भरपूर सोडा. आधी जमीन ओली करा, मग जिवाणू, शेवटी १० मिनिटं नुसतं पाणी. स्युडोमोनास हा जिवाणू बीजाणू (कठीण कवचातलं सुप्त रूप) करत नाही, त्यामुळे ताम्रयुक्त औषधाचं पाणी जिथं मुरलं तिथं तो टिकणं अवघड. बॅसिलस बीजाणूंच्या रूपानं तग धरतो. आणि बाटली गूळपाण्याच्या उघड्या पिंपात 'वाढवून' सोडू नका. चार दिवसांनी पिंपात वाढतं ते बहुधा हवेतून पडलेलं भलतंच काही असतं.