अपग्रेडनंतर व्हर्श लिस्ट रिकामी दिसतेय, व्हर्च्युअल मशीन उडाली का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: सर्व्हर अपग्रेड करून रीबूट केला. आता व्हर्ट-मॅनेजर (मशीन हाताळायचं खिडकीवालं अॅप) लिबव्हर्टला (मशीन सांभाळणारी व्यवस्था) कनेक्ट होत नाही, साध्या युजरने टर्मिनलमध्ये लिबव्हर्टची 'व्हर्श लिस्ट --ऑल' ही कमांड दिली तर मशीनची यादी रिकामी, आणि लिबव्हर्ट-डीचं (लिबव्हर्टचा मागे चालत राहणारा प्रोग्राम, म्हणजे डीमन) स्टेटस 'इनॅक्टिव्ह'. पाच मशीन गेली का?

बहुतेक कुठेही गेलेली नाहीत. '/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस' मध्ये डिस्क फाइली आणि '/ईटीसी/लिबव्हर्ट/क्यूईमू' मध्ये प्रत्येक मशीनची एक्सएमएल (सेटिंगची फाइल) आहे का, एवढं रूट होऊन बघा. असेल तर निम्मा घोर मिटला. घाबरून त्याच नावाची मशीन नव्याने बनवायला मात्र जाऊ नका.

आता 'व्हर्श यूआरआय' द्या, व्हर्श कुठे जोडला जातोय ते कळेल. उत्तरात शेवटी 'सेशन' आलं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार आहे. क्यूईमूची (प्रत्यक्ष मशीन चालवणारा प्रोग्राम) दोन वेगळी दालनं असतात, 'सिस्टम' आणि 'सेशन'. साध्या युजरने व्हर्श चालवला की तो गुपचूप 'सेशन'मध्ये शिरतो, जिथे तुम्ही कधी काही ठेवलेलंच नाही. व्हर्ट-मॅनेजर सहसा 'सिस्टम'कडे जातो. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी मुळात दोन वेगळ्या जागांबद्दल आहेत. तीच यादी सुडो लावून (रूटच्या हक्काने) मागा, पाचही दिसायला हवीत.

मग व्हर्ट-मॅनेजर का अडतो? बऱ्याचदा युजर 'लिबव्हर्ट' ग्रुपमध्ये नसतो. 'युजरमॉड -एजी' ने त्याला ग्रुपमध्ये घाला, आणि त्यातला छोटा 'ए' विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. लिबव्हर्ट ग्रुप मिळाला, पण बाकीचे सगळे ग्रुप गेले, सुडोसकट! रात्री कन्सोलवरून रूट लॉगिन करून ते निस्तरावं लागलं. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. टीमक्सचं (टर्मिनल मागे चालू ठेवणारं साधन) जुनं सेशन तसंच चालू ठेवलंत तर त्यात जुनेच ग्रुप राहतात. 'आयडी' कमांड दिली की कळतं.

'इनॅक्टिव्ह' बघून लगेच दचकायचं कारण नाही. सॉकेटवर (डीमनला हाक मारायचं दार) चालणारा लिबव्हर्ट-डी १२० सेकंद कोणाचं काम नसेल तर आपण होऊन बंद होतो आणि कोणी दार वाजवलं की पुन्हा उठतो. त्यामुळे सर्व्हिसपेक्षा सॉकेटचं स्टेटस बघा. दुसरं म्हणजे फेडोरा ३५ आणि आरएचईएल ९ पासून एका मोठ्या डीमनऐवजी कामं वाटून दिलेली आहेत: मशीनसाठी व्हर्टक्यूईमूडी, नेटवर्कसाठी व्हर्टनेटवर्कडी, स्टोरेजसाठी व्हर्टस्टोरेजडी. तुमचा अपग्रेड त्या वळणावरचा असेल तर जुन्या लेखांत वाचून लिबव्हर्ट-डी जबरदस्तीने सुरू करू नका, दोन्ही पद्धती एकत्र नांदत नाहीत. व्हर्टक्यूईमूडीचं सॉकेट एनेबल आहे का ते बघा. डीमन रीस्टार्ट करताना चालू मशीन बंद पडतील ही भीतीही नको. प्रत्येक मशीन ही क्यूईमूची स्वतंत्र प्रोसेस असते.

यादी दिसूनही मशीन सुरू होत नसेल आणि 'डिफॉल्ट' नेटवर्क अॅक्टिव्ह नाही असा एरर असेल, तर 'व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट' आणि पुढच्या रीबूटसाठी 'नेट-ऑटोस्टार्ट'. ही दोन्ही सुडोनेच द्या. नेट-स्टार्टच 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून फसलं, तर पोर्ट ५३ वर दुसरा एखादा डीएनएस सर्व्हर आधीच बसलाय का ते शोधा. 'परमिशन डिनाइड' आलं तर डिस्क फाइल कोणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवलीय का ते बघा. क्यूईमू वेगळ्याच युजरने चालतो, त्याला तिथे आत जाता येत नाही.

तरीही अडलं तर व्हर्ट-मॅनेजर '--डीबग' लावून टर्मिनलमधून चालवा आणि एररच्या ओळी जशाच्या तशा प्रश्नात टाका. नुसत्या स्क्रीनशॉटवरून मला काही सांगता येणार नाही.